'क' प्रतीवरच्या प्रत्येक रेषेला दिशा हवी : भूमी अभिलेख विभागाला खुले पत्र

प्रति,
मा. जमाबंदी आयुक्त आणि संचालक, भूमी अभिलेख, महाराष्ट्र राज्य, पुणे
तसेच सर्व जिल्हा अधीक्षक, उप अधीक्षक आणि भूकरमापक

विषय : मोजणी नकाशावर हद्दीच्या प्रत्येक रेषेची दिशा अंकांत लिहिण्याबाबत

महोदय,

'क' प्रतीवर, म्हणजे मोजणीनंतर अर्जदाराला मिळणाऱ्या नकाशावर, काय असते हे आपल्याला सांगायला नको. गट नंबर, लगतचे गट, हद्दीच्या खुणा, अभिलेखाप्रमाणेची हद्द आणि वहिवाटीची हद्द वेगवेगळ्या रेषांनी, बहुधा बाजूंची लांबी मीटरमध्ये, प्रमाण, आणि कोपऱ्यात उत्तरेचा एक बाण. बाजू किती लांब ते कळते. ती कुठल्या दिशेला जाते ते मात्र चित्राकडे बघून ताडावे लागते. आमची मागणी एवढीच, की हद्दीच्या प्रत्येक सरळ रेषेवर लांबीच्या जोडीला तिची दिशा छापावी, आणि ती दिशा कोणत्या उत्तरेपासून मोजली ते नकाशावर एका ओळीत लिहावे.

प्लेन टेबलच्या काळात ही मागणी जड गेली असती. तेव्हा रेषा थेट कागदावर ओढली जायची, कोन अंकांत मोजलाच जात नसे. आता ईटीएस (कोन आणि अंतर मोजणारे इलेक्ट्रॉनिक यंत्र) आणि रोव्हरने (उपग्रहांवरून जागा ठरवणाऱ्या यंत्राने) मोजणी होते. प्रत्येक कोपऱ्याचे सहनिर्देशक (जागा सांगणारे आकडे) यंत्रात असतात आणि दोन कोपऱ्यांमधली दिशा त्यातून लगेच निघते. माहिती कार्यालयात तयार असते, शेतकऱ्याच्या हातातल्या कागदावर तेवढी येत नाही.

नुसत्या लांबीने काय बिघडते ते एका शेतावरून दाखवतो. चार कोपरे, वायव्येकडच्या कोपऱ्यापासून घड्याळाच्या काट्याप्रमाणे १, २, ३, ४. बाजू अशा : १ ते २ अंतर ८२.०० मीटर, २ ते ३ अंतर ६१.०० मीटर, ३ ते ४ अंतर ८५.०० मीटर, ४ ते १ अंतर ५५.४४ मीटर. क्षेत्र ४८५४.५ चौरस मीटर, म्हणजे सातबाऱ्यावर ४८.५५ आर, जुन्या हिशोबाने ४८ गुंठ्यांना जरासे कमी.

आता कोपरा १ आणि ४ जागेवर ठेवा आणि १ जवळचा आतला कोन १० अंशांनी वाढवा. बाजू सगळ्या तेवढ्याच राहतात, चौकोन फक्त कलतो. कोपरा २ मूळ जागेपासून १४.२९ मीटर सरकतो. आणि क्षेत्र? ४७६४ चौरस मीटर. फरक एका गुंठ्याचाही नाही. चारही बाजू ठरलेल्या असताना क्षेत्र सर्वांत जास्त केव्हा होते हे ब्रह्मगुप्ताच्या सूत्रावरून काढता येते. या बाजूंसाठी ते ४८५७ चौरस मीटर येते. आपले शेत त्या कमाल आकाराच्या अगदी जवळ आहे, आणि कमाल जागेच्या आसपास आकार बराच हलला तरी क्षेत्र फार हलत नाही. साधारण चौकोनी शेतांचे बहुधा असेच असते. म्हणून 'क्षेत्र जुळले, लांबी जुळली, मग तक्रार कसली' हे बांधावरचे उत्तर फसवे आहे. क्षेत्र जवळजवळ जुळूनही दगड १४ मीटर चुकीच्या जागी असू शकतो.

जुने टिपण, म्हणजे पूर्वीच्या मोजणीचा अंतरे लिहिलेला कच्चा आराखडा, या बाबतीत आजच्या प्रतीपेक्षा शहाणे होते, हे कबूल करायला हवे. शंकू-साखळीच्या मोजणीत शेताच्या आतून मुख्य रेषा धरायचे आणि तिच्यापासून प्रत्येक कोपऱ्यापर्यंत काटकोनात अंतर मोजायचे. साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे, एक आणा म्हणजे सुमारे ६३ सेंटीमीटर. टिपण प्रमाणात काढलेले नसायचे, पण त्यातल्या अंकांवरून शेताचा आकार पक्का बांधला जायचा, कारण प्रत्येक कोपऱ्याला मुख्य रेषेवरची जागा आणि काटकोनातले अंतर असे दोन अंक मिळायचे. टिपणावरून आजचा नकाशा तयार होताना आतल्या रेषा गळतात, बाहेरच्या बाजूंची लांबी राहते, आणि आकार बांधणारी माहितीच निघून जाते. टिपणाची एक उणीव मात्र खरी होती : आकार पक्का असला तरी ते आख्खे शेत उत्तरेशी कसे बसते, हे त्यात अंकांत नसायचे. बरोबर आकाराचे शेत एका दगडाभोवती एक अंश फिरले, तर ८२ मीटरवरचा कोपरा १.४३ मीटर हलतो. बांधावरून भांडण व्हायला तेवढे पुरे.

दिशा नकाशावर कोनमापक लावून मोजता येते असे कुणी म्हणेल. हाताने अर्ध्या अंशाच्या खाली वाचन विश्वासाचे नसते, आणि अर्धा अंश म्हणजे ८२ मीटरच्या टोकाला ७२ सेंटीमीटर. १:१००० च्या नकाशावर पाव मिलिमीटरची रेघच जमिनीवर २५ सेंटीमीटर रुंद असते. त्यात ए-३ कागदावरचा नकाशा झेरॉक्सवाला ए-४ वर बसवून देतो. १:१००० चे १:१४१४ होते, वर छापलेले '१:१०००' तसेच राहते, आणि त्या कागदावर पट्टी लावून कुणीतरी कुंपणाचे खांब रोवतो. कागद आक्रसला तरी छापलेला आकडा आक्रसत नाही.

खरेदीखतातल्या चतुःसीमांबद्दल दोन शब्द. पूर्वेस अमुक गट, दक्षिणेस रस्ता, पश्चिमेस तमुक, उत्तरेस नाला ही पद्धत जमीन ओळखायला चांगली आहे, हद्द ठरवायला अपुरी आहे. शेत ४५ अंशांत कललेले असेल तर आग्नेयेकडची बाजू पूर्वेची की दक्षिणेची? पहिल्या खतात ती पूर्वेची असते, पुढच्या खतात दक्षिणेची होते, आणि एकाच जमिनीची दोन खते कागदावर दोन वेगळ्या जमिनी सांगतात. पाच-सहा बाजूंच्या किंवा एल आकाराच्या तुकड्यात तर दोन बाजू हमखास गाळल्या जातात. चतुःसीमा राहू द्याव्यात, पण दुय्यम निबंधकाकडे खतासोबत जो मोजणी नकाशा जोडला जातो त्यावर प्रत्येक बाजूची दिशा असेल, तर खतातल्या 'पूर्वेस' या शब्दाचा अर्थ लावायला आधार राहील.

आता मुख्य गोष्ट : उत्तर कोणती? निव्वळ '७७ अंश' असे लिहून भागत नाही, कारण उत्तरा तीन आहेत.

चुंबकीय उत्तर होकायंत्राची. महाराष्ट्रात सध्या ती खऱ्या उत्तरेपासून एका अंशाच्या आतच आहे, म्हणून 'चालतंय' म्हणण्याचा मोह होतो. पण ती वर्षागणिक सरकते, आणि काटेरी तारेचे कुंपण, पत्र्याची शेड, विजेचा मनोरा, एवढेच काय हातातला लोखंडी गज यांनी काटा कितीतरी जास्त ओढला जातो. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर कुलाब्याच्या वेधशाळेला आपली चुंबकीय निरीक्षणे १९०४ मध्ये अलिबागला हलवावी लागली. जिथे वेधशाळेला गाव बदलावे लागले, तिथे ट्रान्सफॉर्मरखाली उभ्या भूकरमापकाच्या होकायंत्राला हद्दीचा साक्षीदार करू नये.

खरी उत्तर म्हणजे रेखावृत्ताची, पृथ्वीच्या ध्रुवाकडची. ती कुठेही पक्की असते, पण रोव्हर सहसा ती थेट देत नाही. रोव्हरचे सहनिर्देशक साधारणपणे डब्ल्यूजीएस-८४ या जागतिक आधारावर, यूटीएम ग्रिडमध्ये वापरले जातात, आणि त्यातून निघते ती ग्रिड उत्तर, म्हणजे ग्रिडच्या उभ्या रेषांची दिशा. यूटीएममध्ये पृथ्वीचे सहा-सहा अंश रेखांशांचे पट्टे पाडलेले असतात आणि प्रत्येक पट्ट्याची ग्रिड वेगळी असते. ग्रिड उत्तर फक्त पट्ट्याच्या मध्य रेखावृत्तावर खऱ्या उत्तरेशी जुळते. बाकी ठिकाणचा फरक साधारणपणे असा : मध्य रेखावृत्तापासूनचे रेखांशांचे अंतर गुणिले अक्षांशाची ज्या, म्हणजे साइन. महाराष्ट्राचा मोठा भाग पट्टा ४३ मध्ये येतो, त्याचे मध्य रेखावृत्त ७५ अंश पूर्व. ते अहिल्यानगर जिल्ह्यातून जाते, म्हणून अहिल्यानगर शहरात फरक जेमतेम ५ मिनिटांचा (एक अंश म्हणजे ६० मिनिटे). पुण्यात ग्रिड उत्तर खऱ्या उत्तरेच्या सुमारे २२ मिनिटे पश्चिमेला असते. ८२ मीटरच्या बाजूला हे अर्ध्या मीटरहून थोडे जास्त भरते.

विदर्भात गोष्ट आणखी बिकट होते. ७८ अंश पूर्वेला पट्टा ४३ संपून ४४ सुरू होतो, आणि ही रेघ अमरावती व यवतमाळ जिल्ह्यांतून जाते. पट्टा ४४ चे मध्य रेखावृत्त ८१ अंश पूर्व. नागपुरात त्यामुळे ग्रिड उत्तर सुमारे ४१ मिनिटे पश्चिमेला येते. पण ७८ अंशांच्या रेघेवर, २०.५ अंश अक्षांशाच्या आसपास, पट्टा ४३ ची उत्तर १ अंश ३ मिनिटे पूर्वेला आणि पट्टा ४४ ची तेवढीच पश्चिमेला असते. एकाच धुऱ्याची, म्हणजे बांधाची, दिशा एका पट्ट्यात मोजली की एक, दुसऱ्यात मोजली की २ अंश ६ मिनिटांनी वेगळी. ८२ मीटरवर तीन मीटर! दोन शेजाऱ्यांच्या 'क' प्रती दोन पट्ट्यांत बनल्या आणि पट्टा लिहिला नाही, तर दोघेही बरोबर असून कोर्टात जातील. म्हणून उत्तरेची ओळ हा या मागणीचा अर्धा भाग आहे. ती लिहिणार नसाल तर दिशाही लिहू नये, कारण आधार न सांगितलेला नेमका आकडा माणसाला जास्त ठामपणे चुकवतो. अमेरिकेतल्या प्लॅटवर (जमिनीच्या मोजणी नकाशावर) रेषेरेषेला बेअरिंग, म्हणजे अंशांतली दिशा, असते, आणि ती दिशा कशाच्या आधाराने धरली याची टीपही त्यावर लिहायची रीत आहे. घ्यायचे तर दोन्ही घ्यावे.

तिकडची बेअरिंग लिहायची पद्धत मात्र घेऊ नये. ते चतुर्थांश पद्धत वापरतात : उत्तर किंवा दक्षिणेपासून इतके अंश, पूर्वेला किंवा पश्चिमेला. मराठीत संक्षेप करायला गेलो तर 'पू' आणि 'प'. फरक एका ऊकाराचा, तोही अक्षराच्या पायाशी. तिसऱ्या झेरॉक्समध्ये तो उडतो. वरच्या शेतातली २ ते ३ ही बाजू 'द १०°२३′ पू' अशी आहे. ऊकार उडाला की ती 'प' होते, आणि कोपरा ३ थेट २२ मीटर पश्चिमेला जातो. त्यापेक्षा पूर्ण वर्तुळाचे बेअरिंग घ्यावे : उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याप्रमाणे ० ते ३६० अंश. दिशेचे अक्षर नाही, अधिक-उण्याचे चिन्ह नाही. अंश नेहमी तीन आकडी, मिनिटे-सेकंद दोन आकडी, म्हणजे ७ अंश ५ मिनिटे हे ००७°०५′००″. मग एखादा आकडा पुसला गेल्याचे लगेच दिसते.

आपले शेत या पद्धतीने असे लिहिले जाईल :

१ ते २ : ०७७°१९′११″, ८२.०० मी.
२ ते ३ : १६९°३६′४०″, ६१.०० मी.
३ ते ४ : २६१°१२′०९″, ८५.०० मी.
४ ते १ : ३५२°४४′४८″, ५५.४४ मी.

क्रम ठरलेला हवा : वायव्येचा कोपरा १, तिथून घड्याळाच्या काट्याप्रमाणे. राज्यभर एकच क्रम असला की पूर्वेकडच्या शेजाऱ्याच्या नकाशावर आपली २-३ ही बाजू उलट दिशेने, ३४९°३६′४०″ अशी येईल. नेमका १८० अंशांचा फरक. दोन नकाशे शेजारी ठेवून हे कुणीही पडताळू शकतो, त्याला भूमापन शिकलेले असण्याची गरज नाही.

दिशा रेषेच्या वरच्या अंगाला, लांबी खालच्या अंगाला, दोन्ही रेषेला समांतर, आणि कागद खालून किंवा उजवीकडून वाचता यावा अशा. रेषा छोटी असेल तर अक्षरे एकमेकांवर चढवू नयेत. रेषेवर रे-१, रे-२ असे क्रमांक टाकून बाजूला कोष्टक द्यावे. अंक देवनागरी की इंग्रजी यावर आमचा आग्रह नाही, पण एकाच नकाशावर दोन्ही नकोत. देवनागरी १ हा घाईत इंग्रजी नऊ म्हणून वाचला जातो.

अंश-मिनिटांची चिन्हे वगळून '७७.१९११' असे कधीही छापू नये. अनेक सर्व्हे कॅल्क्युलेटर आणि टोटल स्टेशनवर कोन भरण्याची रीत अशीच आहे, तिथे ७७.१९११ म्हणजे ७७ अंश १९ मिनिटे ११ सेकंद. तोच आकडा कुणी दशांश अंश म्हणून घेतला तर ७७ अंश ११ मिनिटे २८ सेकंद होतो, आणि ८२ मीटरच्या टोकाला १८ सेंटीमीटरची चूक शिरते. एवढी चूक पटकन डोळ्यात भरत नाही, म्हणूनच ती टिकते.

दिशा छापल्याचा सर्वांत मोठा फायदा विभागालाच आहे : नकाशा मिटतो की नाही (क्लोजर), म्हणजे सगळ्या बाजू क्रमाने घेतल्यावर पुन्हा सुरुवातीच्याच कोपऱ्यावर येतो की नाही, हे कागदावरूनच तपासता येते. प्रत्येक लांबीला दिशेच्या कोसाइनने गुणले की उत्तर-दक्षिण सरक मिळते, साइनने गुणले की पूर्व-पश्चिम. आपल्या शेताची उत्तर-दक्षिण सरक अधिक १८, उणे ६०, उणे १३, अधिक ५५ : बेरीज शून्य. पूर्व-पश्चिम अधिक ८०, अधिक ११, उणे ८४, उणे ७ : बेरीज शून्य. आता टंकलेखनात १६९ चे १९६ झाले असे धरा. बेरीज लगेच २८.४८ मीटरने चुकते आणि नकाशा कार्यालयाबाहेर पडण्याआधीच अडतो. दिशा नसताना लांबीतला चुकलेला आकडा हटकून पकडेल अशी कुठलीच बेरीज नकाशावर नसते. निमतानदाराच्या, म्हणजे मोजणी तपासणाऱ्या अधिकाऱ्याच्या, तपासणीत ही बेरीज सक्तीची करावी, आणि ई-मोजणीच्या प्रणालीने ती आपोआप करून मिटण्यातली चूक नकाशावरच छापावी. निमताना मोजणीचे, म्हणजे आधीची मोजणी मान्य नसल्याने मागितलेल्या फेरमोजणीचे, काही अर्ज तरी तिथेच थांबतील.

एक इशाराही द्यायला हवा, आणि तो आमच्याच मागणीला आहे. सेकंदांचे सोंग नको. चांगल्या स्थितीतही रोव्हरने घेतलेला बिंदू दोनेक सेंटीमीटर इकडेतिकडे असू शकतो. दोन्ही टोकांना तेवढी अनिश्चितता धरली तर २० मीटरच्या बाजूची दिशा सुमारे ५ मिनिटांनी संशयित असते. तिच्यापुढे छापलेले सेकंद बेरीज मिटवण्याच्या कामाचे, जमिनीवर त्यांना अर्थ नाही. १० सेकंदांपर्यंत पूर्ण करून छापले तरी १०० मीटरवर अडीच मिलिमीटरपेक्षा जास्त फरक पडत नाही, तेवढे पुरे. आणि टिपणातल्या आण्यांवरून काढलेल्या रेषेला रोव्हरच्या रेषेइतकी नेमकी दिशा देणे हे तर खोटेच ठरेल. तिथे अर्ध्या आण्याची चूक ६१ मीटरच्या रेषेला साधारण १८ मिनिटे फिरवते. म्हणून दिशेपुढे 'मोजलेली' की 'अभिलेखावरून' हे लिहावे. दोन्ही उपलब्ध असतील तर दोन्ही छापावीत, एकीला दुसरीत मिसळून टाकू नये. त्या दोघींमधला फरक हाच बहुतेक हद्द कायम (हद्दीच्या खुणा जागेवर ठरवून देण्याच्या) प्रकरणांचा खरा विषय असतो.

लांबीचेही तसेच. ग्रिडवरून काढलेली लांबी ७५ अंश रेखावृत्ताजवळ जमिनीवरच्या टेपपेक्षा १०० मीटरला सुमारे ४ सेंटीमीटर कमी येते, कारण यूटीएमचा मध्य रेखावृत्तावरचा गुणक ०.९९९६ आहे. क्षेत्रावर परिणाम किरकोळ, पण टेप लावून पाहणाऱ्या शेतकऱ्याला '४ सेंटीमीटर कुठे गेले' याचे उत्तर नकाशावर मिळायला हवे.

नाला, ओढा, नदीकाठ या हद्दींना हा नियम लावू नये. तिथे हद्द वळणावळणाने जाते आणि पाण्याबरोबर हलतेही. काठावरचे बिंदू जोडणाऱ्या छोट्या जीवा द्याव्यात, त्या फक्त क्षेत्र मिटवण्यासाठी आहेत असे लिहावे, आणि हद्द म्हणून नाल्याचेच नाव ठेवावे. रस्ता किंवा कालव्याच्या आखलेल्या वळणाला त्रिज्या, कंसाची लांबी, आणि जीवेची दिशा व लांबी असे चार आकडे लागतात. नुसती कंसाची लांबी देऊन वळण कुणालाही पुन्हा आखता येत नाही.

नकाशा गिचमिड होईल आणि शेतकऱ्याला अंश कळणार नाहीत, हे दोन आक्षेप येतीलच. पहिल्याला वरचे कोष्टक हे उत्तर आहे. दुसऱ्याबद्दल एवढेच, की सातबाऱ्यावरचे हेक्टर-आरही एके काळी परके होते. आकडा प्रत्येकाला स्वतः वाचता आला नाही तरी चालेल, पण गरज पडेल तेव्हा वाचायला तो कागदावर असला पाहिजे.

सुरुवात नव्या पोटहिस्सा मोजण्या आणि बिनशेती लेआउटपासून करावी. तिथे हद्द नव्याने आखली जाते, जुन्या अभिलेखाशी झगडा कमी असतो, आणि एका लेआउटमध्ये शंभर भूखंड असतील तर शंभर नकाशांची बेरीज एकदम तपासता येते. हद्द कायम आणि भूसंपादनाचे नकाशे त्यानंतर.

पुण्याजवळच्या एखाद्या गटासाठी नकाशाच्या तळाशी जी ओळ असावी, तिचा नमुना सोबत देत आहोत :

"दिशा : डब्ल्यूजीएस-८४, यूटीएम पट्टा ४३ उत्तर, ग्रिड उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याप्रमाणे. या ठिकाणी ग्रिड उत्तर खऱ्या उत्तरेच्या ०°२२′ पश्चिमेला. लांबी जमिनीवरची, मीटरमध्ये. रे-१ ते रे-४ मोजलेल्या. मिटण्यातली चूक : ०.०० मी. मोजणीची तारीख : ______"

आपले,
मोजणी नकाशांवर रोज काम करणारे खासगी भूमापक आणि स्थापत्य अभियंते